होया फुलत नाही? खत राहू द्या, आधी खिडकी बघा

पावसाळा सरत आला की होयाबद्दलचे, म्हणजे जाड पानांच्या, गुच्छानं फुलणाऱ्या या घरगुती वेलाबद्दलचे, प्रश्न वाढतात. कुणाचा वेल छतापर्यंत गेला पण फूल नाही, कुणाची पानं सुरकुतली, कुणी फुलाचा दांडा कापून बसलंय. गोंधळ दर वर्षी तोच असतो, म्हणून या वेळी निवडक प्रश्नांची उत्तरं एकत्र देते.

तीन वर्षं झाली. पानं चकचकीत आहेत, वेल पडद्याच्या दांडीवर चढलाय, पण एक कळी नाही. नर्सरीवाल्यानं ब्लूम बूस्टर, म्हणजे फुलं यावीत म्हणून घालायचं खत, दिलंय. शेजारच्या काकू कांद्याच्या सालींचं पाणी नाहीतर ताक घाल म्हणतात. नक्की काय घालू? (कोथरूड)

काहीही घालू नका. कुंडी हलवा.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत होया सोफ्यामागच्या कोपऱ्यात आहे. खिडकी सात-आठ फूट लांब, तिला जाड पडदा, बाहेर ग्रिलमध्ये वाळत घातलेले कपडे. तुम्हाला ती खोली उजेडाची वाटते, कारण आपले डोळे कमी उजेडाला लगेच सरावतात. झाडाला ती सोय नाही. दुपारी बाराच्या सुमारास कुंडीच्या जागी एक पांढरा कागद धरा आणि वर हात ठेवा. सावलीत बोटं वेगवेगळी, स्पष्ट दिसली तर उजेड पुरेसा आहे. नुसता करडा डाग पडत असेल, तर वेल तिथे जगेल, पण फुलणार नाही.

‘कमी उजेडात चालतं’ हे वाक्य ऐकून माझा जीव मेटाकुटीला येतो. होयाची पानं जाड असतात, त्यांत पाणी आणि अन्न साठलेलं असतं, त्यामुळे अंधाऱ्या कोपऱ्यातही तो महिनोन्‌महिने तग धरतो. विकणारा या तग धरण्यालाच ‘चालतं’ म्हणतो. फुलायला मात्र साठा पुरत नाही, रोजची कमाई लागते. रानात होया मोठ्या झाडांच्या फांद्यांवर वाढतो. आपल्या सह्याद्रीतही त्याच्या जाती आहेत. वर पानांची गाळणी असते, पण उजेड भरपूर आणि वारा खेळता. घरात त्याच्या जवळ जाणारी जागा म्हणजे पूर्वेची खिडकी, जिथे सकाळचं दोन-तीन तास ऊन येतं. दक्षिणेच्या खिडकीला पातळ जाळीचा पडदा लावा. पश्चिमेचं ऊन मार्च ते मेमध्ये नको, पुण्यात पारा चाळिशीला टेकतो आणि पानं भाजतात. फक्त उत्तरेची खिडकी असेल, तर चांगला ग्रो लाइट (झाडांसाठीचा दिवा) फूटभर अंतरावर, रोज बारा तास. जागा एका दिवसात बदलू नका, दोन-तीन आठवड्यांत थोडं थोडं खिडकीकडे सरकवा.

आता बूस्टर. त्यात बहुधा स्फुरद (फॉस्फरस) जास्त असतं. उजेड नसताना ते घातलं की क्षार कुंडीत साठतात आणि मुळांची कोवळी टोकं करपतात. ताकानं चिलटं होतात, बाकी काही नाही. संतुलित द्रवखत, पाकिटावर लिहिलेल्याच्या निम्मं, मार्च ते सप्टेंबर महिन्यातून एकदा, एवढं पुष्कळ झालं. होया कार्नोसासारखी जात फांदीपासून लावली तर फुलायला दोन-तीन वर्षं घेतेच. उजेडात पूर्ण उन्हाळा काढूनही कळी आली नाही, तर खिडकीसकट दुपारचा फोटो पाठवा किंवा जाणत्या माणसाला घरी बोलावून जागा दाखवा. त्याआधी बाटली विकत घेऊ नका.

फुलं गळल्यावर उरलेला वाळका दांडा कापावा का? (सदाशिव पेठ)

नाही. बहुतेक जातींत पुढचा गुच्छ त्याच दांड्याच्या टोकाला येतो. नीट पाहिलंत तर जुन्या दांड्यावर गळून गेलेल्या फुलांच्या बारीक खुणा दाटीनं दिसतील. तो पूर्ण वाळून आपोआप पडला, तरच सोडून द्या.

लांबलचक, बिनपानांचे शेंडे निघालेत. छाटू? (औंध)

थांबा. ते आधाराच्या शोधात असतात, पानं मागाहून येतात. दोरीवर वळवून बांधा.

फेब्रुवारीत भेट मिळालेलं हृदयाच्या आकाराचं एक पान छोट्या कुंडीत आहे. दीड वर्ष हिरवंगार, पण नवं पान नाही. (बाणेर)

येणारही नाही, बहुधा कधीच. ही होया केरीआय. थायलंडच्या भागातला हा चांगला चार मीटरपर्यंत चढणारा वेल आहे. त्याचं एकच पान देठासकट खोचून ‘प्रेमाचं झाड’ म्हणून विकतात. पानाला मुळं फुटतात, पण ज्या पेरापासून कोंब निघतो तो खोडाचा तुकडा सोबत नसेल तर वेल होत नाही. ही सरळ फसवणूक आहे, कारण विकणाऱ्याला हे ठाऊक असतं. वेल हवा असेल तर निदान दोन पेरं आणि त्यांवर पानं असलेलं रोप हातात घेऊन, बघून घ्या. उरुळी कांचनकडच्या नर्सऱ्यांत असं मागितलं तर मिळण्याची शक्यता आहे. मातीत बोट घालून पेर आहे की नाही ते तिथेच तपासा, लाजू नका.

ऑनलाइन निळ्या-जांभळ्या होयाच्या बिया मिळतायत. घेऊ? (हडपसर)

नको. होयाची बी थोड्याच आठवड्यांत उगवणशक्ती गमावते, आणि फोटोतले रंग रंगवलेले असतात.

पानं सुरकुतली म्हणून दोन महिने रोज पाणी घालतेय. आता खालची पिवळी पडतायत. (धनकवडी)

दोन महिने! पहिल्या आठवड्यात विचारलं असतं तर बरं झालं असतं. सुरकुतलेलं पान एवढंच सांगतं की पाणी पानापर्यंत पोचत नाही. माती कोरडी असेल तर तहान. ओली असेल तर मुळं कुजलीत, आणि तुमच्याकडे तेच झालंय. पुण्याच्या पावसाळ्यात निव्वळ कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) दिवसेंदिवस वाळत नाही, वर रोजचं पाणी.

आजच कुंडीतून काढा. मुळं बोटांनी दाबा. टणक, फिकट असतील ती ठेवा. चिखलासारखी सुटून तपकिरी साल हातात येणारी, वास मारणारी सगळी कापा. खोड मातीलगत मऊ झालं असेल, तर वरचा निरोगी भाग दोन-तीन पेरांचा तोडून नव्यानं लावा. चीक वाहायचा थांबू द्या, मग लावा. मिश्रण भरड हवं: नारळाच्या सोडणाचे तुकडे, परलाइट (हलके पांढरे खडे), कोळशाचे बारीक खडे, थोडं गांडूळखत. काळी माती अजिबात नको. कुंडी मुळांपेक्षा जेमतेम इंचभर मोठी. मोठ्या कुंडीत ओल साचते. पाणी पुढे तारखेनं नाही, मिश्रण जवळपास सुकल्यावर. डिसेंबर-जानेवारीत आणखी कमी. कुजलेला भाग कुठे संपतो ते कळत नसेल, तर कापण्याआधी अनुभवी माळ्याला दाखवा.

पेरांत पांढरा कापूस दिसतोय, मुंग्याही आहेत. आपोआप जाईल ना? (वाकड)

जाणार नाही. हा पिठ्या ढेकूण, आणि मुंग्या त्याच्या चिकट गोड स्रावासाठी येतात. कुंडी आजच इतरांपासून वेगळी ठेवा. कापसाचा बोळा सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून एकेक कीड पुसा, आधी एका पानावर वापरून बघा. मग संध्याकाळी लिटरभर पाण्यात पाच मिली नीम तेल आणि द्रव साबणाचे चार थेंब मिसळून फवारा. अंडी उरतात, म्हणून दर आठवड्याला, निदान महिनाभर. कुंडीच्या तळाशी मुळांवरही पांढरं दिसलं, तर घरात जहाल कीटकनाशक फवारू नका. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात नमुना दाखवून विचारा.

कळ्या वाटाण्याएवढ्या होऊन गळतात. (कर्वेनगर)

कळी दिसल्यावर कुंडी हलवू नका, फिरवू नका, मिश्रण पार कोरडं पडू देऊ नका. कळ्यांच्या देठांवर पिवळा मावा आहे का तेही बघा, असेल तर पाण्याच्या हलक्या धारेनं धुवा.

मांजरानं पान चावलं. होया विषारी आहे का? (सहकारनगर)

मांजर-कुत्र्यांसाठी होया विषारी गणला जात नाही. तरी चिकानं तोंडात, कातडीवर किंवा डोळ्यांत जळजळ होऊ शकते, पान खाल्ल्यानं उलटीही. मांजर लाळ गाळत असेल, वारंवार ओकत असेल किंवा खात नसेल, तर पशुवैद्याकडे न्या आणि झाडाची फांदी सोबत घ्या. होया म्हणून विकलेलं रोप दुसरंच काही असल्याचंही आढळतं.