सातबाऱ्यावरचं ०.१२.५० म्हणजे साडेबारा गुंठे का?

नाही, शिळफाट्याजवळच्या तुमच्या शेतजमिनीच्या सातबाऱ्यावरचं ०.१२.५० म्हणजे साडेबारा नव्हे, साधारण १२.३६ गुंठे. ही नोंद हेक्टर, आर, चौरस मीटर अशी वाचायची, म्हणजे क्षेत्र झालं १,२५० चौ. मी. आर १०० चौ. मी.चा, गुंठा मात्र ३३ बाय ३३ फुटांचा, म्हणजे १,०८९ चौ. फूट किंवा १०१.१७ चौ. मी. बोलताना आरालाच गुंठा म्हणतात, पण इथे त्याने सुमारे १५८ चौ. फूट फरक पडतो, एका चांगल्या मोठ्या खोलीएवढा! दर गुंठ्याने ठरला तरी खरेदीखतात क्षेत्र चौ. मी.मध्येच लिहून घ्या. अर्थात हे कागदावरचं गणित. जागेवर किती भरते ते भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीतूनच कळेल.