एकच बैल असेल तर? आफ्रिकेतल्या गुरांविषयी तुमचे प्रश्न

मागच्या लेखात इथिओपियातल्या बैलांच्या नांगरटीविषयी लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातल्या चार प्रश्नांची उत्तरं देतो.

बार्शीहून एक शेतकरी: माझ्या दावणीला आता एकच बैल उरलाय. तिथला एकबैली शेतकरी काय करतो?

तुमचे आजोबा जे करत होते, तेच. इथिओपियाच्या डोंगराळ मुलखात एकच बैल असलेली घरं पुष्कळ आहेत. दोन शेजारी आपापला बैल एका जुवाला आणतात. आज याचं रान, उद्या त्याचं. अम्हारिक भाषेत याला मेकेनाजो म्हणतात, आपल्याकडे सावड, कुठे वारंगुळा. ज्याच्याकडे एकही बैल नाही, तो दुसऱ्याची जोडी आणतो आणि त्या बदल्यात त्याच्या रानात राबतो.

त्यांचा नांगर म्हणजे मारेशा. सगळा लाकडाचा, फाळ तेवढा लोखंडी. इतका हलका की दिवस मावळला की गडी तो खांद्यावर टाकतो आणि बैल पुढे घालून घराकडे निघतो. हा नांगर माती उलटत नाही, नुसती फाडतो. त्यामुळे उभ्या-आडव्या पाळ्या घालाव्या लागतात. टेफ हे त्यांचं मुख्य धान्य, दाणा खसखशीएवढा, त्याला तर तीन ते पाच पाळ्या. म्हणून जोडी वेळेवर मिळाली नाही तर पेरा हुकलाच.

बैलच गेले तर काय होतं, हेही या देशाने भोगलंय. 1887 च्या सुमारास इटालियन सैन्यासाठी तांबड्या समुद्रावरच्या मसावा बंदरात गुरं उतरवली गेली. ती भारतातली होती असं मानतात. त्यांच्यासोबत बुळकांडी ही गुरांची जीवघेणी साथ आली आणि इथिओपियातली दहातली नऊ गुरं मेली असा अंदाज आहे. त्यात पाऊसही रुसला. 1888 ते 1892 च्या दुष्काळात असंख्य माणसं गेली. नांगराला बैल नाही म्हणून लोकांनी कुदळीने रान खणावं, यासाठी सम्राट मेनेलिक यांनी स्वतः कुदळ हातात घेतली. ही बुळकांडी जगातून संपल्याची घोषणा व्हायला 2011 उजाडलं. तिच्याविषयी बोलताना मला आजही गलबलून येतं.

नाशिकहून कृषी शाखेची विद्यार्थिनी: आफ्रिकेच्या मोठ्या भागात बैलांचा नांगर का नव्हता? एका पुस्तकात 'मागासलेपणा' असं कारण वाचलं.

त्या शब्दावर काट मार. खरं कारण माशीएवढं आहे, आणि ते माशीच आहे. त्सेत्से माशी साधारण एक कोटी चौरस किलोमीटर भागात, म्हणजे खंडाच्या जवळजवळ एक तृतीयांश भागात आढळते. ती चावली की ट्रिपॅनोसोमा हा सूक्ष्मजीव रक्तात जातो. गुराला ताप येतो, रक्त आटतं, खाऊनही अंग धरत नाही आणि शेवटी ते बसतं ते उठतच नाही. झुलू लोकांच्या भाषेतून आलेलं या रोगाचं नाव नगाना. आपल्याकडचा सर्रा याच कुळातला, फक्त तो गोमाश्या पसरवतात. जिथे बैल वर्षभर जगत नाही, तिथे माणूस कुदळच धरणार.

तरीही लोक हात बांधून बसले नाहीत. पश्चिम आफ्रिकेत एनदामा नावाची बिनवशिंडाची बुटकी गुरं आहेत, त्यांना लागण झाली तरी ती तग धरतात. फुलानी गुराखी पावसाळ्यात माशी वाढली की कळप उत्तरेकडे कोरड्या रानात नेतात आणि उन्हाळ्यात दक्षिणेला उतरतात. तेव्हा शेतकरी त्यांना काढणी झालेल्या रानात गुरं बसवायला बोलावतात. पिकाची उरलेली ताटं गुरांना, शेण रानाला, वर गुराख्याला धान्य. आपले धनगर शेतात मेंढ्या बसवतात, तसाच हा व्यवहार.

पुण्याहून एक वाचक: केनिया-टांझानियातले पशुपालक मसाई लोक डॉक्टरांशिवाय रोगराई कशी टाळत असत?

पाहून, आणि पाहिलेलं पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवून. टांझानियातल्या सेरेंगेटीच्या आखूड गवताच्या माळावर विल्डबीस्ट या रानटी हरणवर्गीय प्राण्याच्या माद्या जानेवारी ते मार्चमध्ये वितात. चारा त्याच वेळी सर्वांत चांगला असतो, तरी मसाई आपली गुरं तिथून लांब नेतात. त्या पाडसांपासून गुरांना जीवघेणा ताप येतो हे त्यांना ठाऊक होतं. पाडसं तीन-चार महिन्यांची होईपर्यंत त्यांच्या नाका-डोळ्यांच्या स्रावातून विषाणू बाहेर पडतो, हे प्रयोगशाळेने पुष्कळ नंतर सांगितलं.

पश्चिम आफ्रिकेतली एक गोष्ट तर मला फार मोलाची वाटते. गुरांच्या सांसर्गिक फुप्फुसदाहावर सेनेगल-गांबिया भागातले पशुपालक मेलेल्या जनावराच्या फुप्फुसाचा तुकडा निरोगी जनावराच्या नाकाडावर कातडीखाली सरकवत. ही एक प्रकारची लसच. त्या जागी कधीकधी हाडाचा उंचवटा येई. 1880 च्या दशकात एका फ्रेंच अभ्यासकाने तो पाहून तीन शिंगांच्या गुरांची नवीच जात नोंदवली! अर्थात यात काही जनावरं दगावतही, म्हणून आज हे कुणी करू नये. आपल्या देशाला तर 2007 मध्येच या रोगापासून मुक्त म्हणून मान्यता मिळाली आहे.

केनियात काम करणाऱ्या एक मराठी ताई: इथल्या बायका गाढवगाडीने पाणी आणतात. गाढवांच्या मानेला जखमा होतात. काय करू?

ताई, आधी जू काढायला लावा. बैलाला वशिंड असतं, जू त्याच्या पुढे टेकतं. गाढवाला ते नाही. ते छातीने ओढतं. छातीवर चार बोटं रुंद पट्टा हवा, गोणपाट किंवा सुती कापडाचं अस्तर लावलेला. नायलॉनची दोरी किंवा टायरची पट्टी नको. पट्टा श्वासनळीच्या खाली आणि खांद्याच्या सांध्याच्या वर बसला पाहिजे. फार वर गेला तर श्वास कोंडतो, खाली आला तर पाय अडतो. दुचाकी गाडी असेल तर मागच्या मांड्यांवरूनही एक पट्टा घ्या, म्हणजे उतारावर गाडी अंगावर येणार नाही.

जखम भरेपर्यंत त्या जागी साज टेकवू नका. गाढव दुखणं दाखवत नाही, म्हणून रोज साज उतरवल्यावर त्या बाईंना पट्ट्याखालच्या कातडीवर तळहात फिरवायला सांगा. जिथे हाताला गरम लागेल किंवा केस उलटे लागतील, तिथे उद्या जखम होणार.