पाकीट फोडायचं का ते नंतर बघू, आधी तो नोव्हेंबरचा हप्ता थांबवा

पाचोऱ्याहून एका भावाचं पत्र आलंय. वय ३४, मोबाईल रिपेअरिंगचं दुकान, घरात बायको, ४ वर्षांची मुलगी आणि भुसावळला रेल्वेतून रिटायर झालेले अप्पा. मामांनी २००० साली अमेरिकेतून येताना पोकेमॉन कार्डांची सहा पाकिटं आणली होती, दोन तेव्हाच फोडली, चार आजोळी माळ्यावरच्या पेटीत राहून गेली. १९९९ चा बेस सेट म्हणजे इंग्रजीतली पहिली मालिका, त्यावर फर्स्ट एडिशनचा म्हणजे पहिल्या छपाईचा शिक्का नाही. आता नेटवर एका पाकिटाला ३०-३५ हजार भाव दिसला म्हणून विचारतायत की फोडू का सीलबंदच ठेवू, चारीझार्ड हे त्यातलं सगळ्यात महागडं कार्ड निघालं तर विमा पॉलिसीचे दोन-तीन हप्ते सुटतील, आणि नाही फोडली तर दहा वर्षांत दहापट होतील असं कुणीतरी सांगितलंय.

भाऊ, पाकिटांचं उत्तर छोटं आहे. फोडू नका. एका पाकिटात ११ कार्डं, चमकणारं होलो कार्ड साधारण तीन पाकिटांत एकदा येतं, आणि सेटमध्ये होलो १६ प्रकारची, म्हणजे चारीझार्ड निघायची शक्यता एका पाकिटाला ४८ मध्ये एक. चार पाकिटं फोडली तरी १२ मध्ये एक. बरं निघालाच तरी मोठा भाव ग्रेडिंगमध्ये, म्हणजे कार्ड तपासून दहापैकी गुण देणाऱ्या कंपनीकडे, १० आलेल्या कार्डाला असतो, आणि त्या काळची कितीतरी कार्डं छापतानाच एका बाजूला सरकलेली आहेत, पाकिटातून सरळ काढलं तरी ९ किंवा ८ मिळतात. उरलेल्या ११ वेळा तुमच्या हातात चारीझार्ड सोडून बाकीची कार्डं आणि फाटलेलं रॅपर राहणार.

दहापट म्हणाल तर दहा वर्षांत दहापट म्हणजे दरसाल २६ टक्के. असं गृहीत धरून मुलीच्या शिक्षणाचं प्लॅनिंग होत नाही. आणि ३०-३५ हजार हा मागणाऱ्याचा भाव आहे, प्रत्यक्षात कितीला विकलं गेलं ते बघा. जळगावात सोनं मोडायला दहा मिनिटं लागतात, या पाकिटाला खरं गिऱ्हाईक मिळायला महिने जातात, त्यात समोरचा शंका घेणार कारण पाकीट परत चिकटवून विकायचे प्रकार खूप झालेत. २०२२ मध्ये लोगन पॉल या अमेरिकन यूट्यूबरने ३५ लाख डॉलर देऊन सीलबंद म्हणून घेतलेल्या पेटीत दुसरीच कार्डं निघाली होती.

आता मूळ मुद्दा. पत्राच्या शेवटी तुम्ही एका ओळीत लिहिलंय, "हप्ता १ लाख २० हजारचा आहे, दोन भरले, तिसरा नोव्हेंबरमध्ये. २०२३ ला अप्पांची एफडी रिन्यू करायला गेलो तेव्हा बँकेतल्या मॅडमनी हीच घ्या म्हणून सांगितलं, एफडीसारखंच आहे, १२ लाख भरून २६ लाख गॅरंटीड." ही ओळ मी तीनदा वाचली आणि खरं सांगतो मला राग आला, तुमचा नाही, रिटायर माणसाची एफडी रिन्यू करायला आलेल्या मुलाच्या हातात २० वर्षांची पॉलिसी देणाऱ्यांचा.

हिशोब बघा. दहा वर्षं १ लाख २० हजार, मग दहा वर्षं नुसतं थांबायचं आणि विसाव्या वर्षी २६ लाख. ऐकायला डबलच्या वर, पण काढला तर परतावा ५ टक्क्यांच्या आसपास. पीपीएफ एप्रिल २०२० पासून ७.१ वर आहे, तेच हप्ते तिथे टाकून पंधरा वर्षांचं खातं पुढे पाच वर्षं वाढवलं आणि दर तसाच राहिला तर ३५ लाख होतात. नऊ लाखांचा फरक आहे भाऊ. आणि या पॉलिसीत विमा किती, तर १२ लाख. उद्या तुम्हाला काही झालं तर बायको, मुलगी आणि अप्पांनी १२ लाखांत किती वर्षं काढायची? टर्म इन्शुरन्स, म्हणजे माणूस गेला तरच पैसे देणारा स्वस्त विमा, नाही, मेडिक्लेम नाही, अप्पांना रेल्वेचं मेडिकल आहे पण तुम्हा तिघांना काहीच नाही, आणि असं असताना एफडी मोडून दोन हप्ते गेलेत आणि आता तिसऱ्यासाठी लहानपणीची पाकिटं काढायची वेळ आलीय.

लगेच सरेंडरही करू नका, म्हणजे पॉलिसी मोडून पैसे काढू नका. दोन हप्त्यांनंतर जुन्या नियमाने गॅरंटीड सरेंडर ३० टक्के, म्हणजे २ लाख ४० हजार भरून ७२ हजार हातात. त्यापेक्षा पॉलिसी पेड-अप करा. म्हणजे पुढचे हप्ते बंद, आणि दहापैकी दोन भरलेत त्या प्रमाणात शेवटी साधारण ५ लाख मिळतील. ७२ हजार आज घेऊन पीपीएफला १८ वर्षं ठेवले तर अडीच लाखच होतात, म्हणून पेड-अप बरं. उरलेले ९ लाख ६० हजार त्याच वेळापत्रकाने पीपीएफला गेले तर तिकडे २६ लाख, इकडचे ५, झाले ३१. फक्त एक, काही प्लॅनमध्ये पेड-अप केल्यावर गॅरंटीचा भाग आणखी कापतात, त्यामुळे पेड-अपचा आणि सरेंडरचा दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी मागा, शाखेत तोंडी विचारू नका, तिथे पुन्हा हप्ता भरायलाच सांगतील. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, तेवढा वेळ आहे.

एफडी म्हणून पॉलिसी दिली अशी लेखी तक्रारही कंपनीकडे टाका. दाद नाही मिळाली तर पुण्याला विमा लोकपाल आहेत, तिथे पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही. त्या दिवशीच्या एफडीचा कागद, मॅडमचा व्हॉट्सअॅप मेसेज, जे असेल ते जपून ठेवा.

वाचलेल्या १ लाख २० हजारातून आधी १ कोटीचा टर्म घ्या, तुमच्या वयाला तब्येत ठीक असेल आणि तंबाखू नसेल तर वर्षाला अंदाजे १२-१५ हजारात होतो, मग तिघांचा मेडिक्लेम. २२ सप्टेंबर २०२५ पासून या दोन्हींवर जीएसटी नाही. आणि प्रपोजल फॉर्म स्वतः भरा, तंबाखू असेल तर खरं लिहा. उरतील ते पीपीएफला.

पाकिटांपैकी तीन सावकाश, नीट गिऱ्हाईक बघून विका आणि ते पैसे अप्पांच्या एफडीत परत घाला, त्यांचेच गेलेत. विकण्याआधी सराफाच्या काट्यावर वजन करून घ्या, मिलीग्रॅममध्ये दाखवतो, होलो असलेलं पाकीट थोडं जड भरतं आणि घेणारे तेच विचारतात, दुकानातून पूर्वी कुणी जड पाकिटं निवडून नेली असतील तर तुमची चारही हलकी भरतील. चौथं पाहिजे तर मुलीच्या वाढदिवसाला फोडा, काही निघो न निघो. पण चारही आजच माळ्यावरून खाली आणा, पत्र्याखाली मे महिन्यात काय तापतं ते तुम्हाला मी सांगायला नको, होलो कार्ड उष्णतेने वाकतं. खालच्या खोलीत, लाकडी कपाटात, उभी नाही, आडवी ठेवा. आणि कंपनीचं उत्तर आलं की दोन्ही आकडे मला कळवा.