"याला कोणी खेळायलाच घेत नाही हो!"

जून-जुलैत शाळेत तुकड्या बदलल्या की मुलांची समुपदेशक म्हणून हे वाक्य मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येतं. त्याच्या मागोमाग दुसरं ठरलेलं, "हल्लीची मुलं फार दुष्ट झालीत, मॅडम."

सहावीतल्या ओजसची (नाव बदललंय) आई ही दोन्ही वाक्यं घेऊनच आली. मुलगा हुशार, बोलका. पण डबा एकट्याने खायचा आणि नंतर मैदानाच्या कडेला कट्ट्यावर बसून राहायचा. तो मला काही सांगू लागला की आई मध्येच, "मंगळवारी नाही रे, बुधवारी." हे मी मनात टिपून ठेवलं.

पुढच्या भेटीत मी सरळ कॅरम काढला. मुलं खुर्चीत बसून जे सांगत नाहीत ते सोंगट्यांसमोर सांगून टाकतात. दहा मिनिटांत त्याने मला तीनदा अडवलं. "स्ट्रायकर दोन्ही रेषांना टेकला नाही." "क्वीनला कव्हर लागतं." तिसरं आता आठवत नाही, पण तिन्ही वेळा बरोबर तोच होता. आणि तिसऱ्यांदा डाव मोडून उठावं, असं चक्क मलाच वाटलं!

"मुलं क्रिकेट खेळत असली की तू गेल्या गेल्या काय बोलतोस?"

तो बराच वेळ बोटाने स्ट्रायकर फिरवत राहिला. "त्यांचं काय चुकतंय ते सांगतो."

"का रे?"

"मग कळेल ना त्यांना, मला येतं म्हणून."

इतक्या वर्षांत असं स्वच्छ उत्तर मला क्वचितच मिळालंय. तो म्हणत होता 'मला घ्या', मुलांना ऐकू येत होतं 'तुम्हाला येत नाही'. मी आल्फ्रेड अॅडलर या ऑस्ट्रियन मानसोपचारतज्ज्ञाच्या वाटेने जाणारी. मुलाचं वागणं खटकलं की आधी बघते, त्यातून ते आपली जागा कुठे शोधतंय. १९८१ साली पुटालाझ आणि गॉटमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी दुसरी-तिसरीतली मुलं चालू खेळात कशी शिरतात ते पाहिलं होतं. नावडती मुलं आल्या आल्या हरकत घेत, स्वतःबद्दल बोलत, म्हणजे खेळ आपल्याकडे वळवू पाहत. आवडती मुलं जे चाललंय त्यात मिसळत.

म्हणून इतर आयांना फोन करू नका, पार्ट्याही देऊ नका. घरीच सराव करा. दोन मिनिटं कडेला उभं राहायचं, काय चाललंय ते बघायचं, खेळाला जे हवं ते करायचं. आणि घरात त्याची वाक्यं दुरुस्त करणं थांबवा. (आईला हे लागलं. लागणारच.) मात्र मुलं ठरवून डबा लपवत असतील, 'त्याच्याशी बोलायचं नाही' असा फतवा निघाला असेल, तर आपल्या मुलाला शिकवत बसू नका. त्याच आठवड्यात वर्गशिक्षकांना गाठा. तिथे दोष त्याचा नसतो.

दीड महिन्याने आईचा फोन आला. ओजसने तीनदा बॉल आणून दिला, चौथ्यांदा मुलांनी त्याला स्लिपला उभं केलं.

मागून आवाज आला, "आई, स्लिप नाही, गली!"

आई काही बोलली नाही.