अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा शपथविधी बघायला मुद्दाम वॉशिंग्टनला जावं का? टीव्हीवर जास्त नीट दिसत नाही का?

दिसण्याचंच म्हणाल तर टीव्हीवर शंभर पटीने नीट दिसतं. मी 20 जानेवारी 2009 ला ओबामाच्या शपथविधीला गेलो होतो आणि मला ओबामा दिसला नाही. वॉशिंग्टन मॉन्युमेंटच्या टेकाडावर उभे होतो, तिथून कॅपिटल, म्हणजे शपथ होते ती संसदेची इमारत, दोन किलोमीटरच्या वर, मधे नुसती डोकी. अठरा लाख माणूस होतं असा आकडा नंतर पेपरात आला. जे बघितलं ते स्क्रीनवर, तेही समोरच्याच्या टोपीच्या बाजूने.

तरी जावंच.

आमचे दाजी तेव्हा न्यू जर्सीतच होते. म्हणाले, तुला मत नाही, ग्रीन कार्ड नाही, मंदीत लोकांच्या नोकऱ्या चालल्यात आणि तू एच-वनवाला, नोकरीच्या व्हिसावरचा माणूस रजा टाकून थंडीत कुडकुडायला चाललास, तुझा संबंध काय? हा 'संबंध काय' मला अजून डाचतो. आमच्या घरची माणसं 6 डिसेंबरला रिझर्वेशन नसताना दादरला चैत्यभूमीवर जातात, रात्रभर रांगेत उभी राहतात, दाजी स्वतः लहानपणी गेलेत. परत आल्यावर कुणी विचारतं का, नीट दिसलं का म्हणून?

तर मी आणि ऑफिसातला एक मित्र रात्रीच निघालो, गाडी मेरीलँडमध्ये ग्रीनबेल्ट स्टेशनला लावली, मेट्रो पहाटे चारला सुरू झाली आणि डब्यात शिरल्यावर मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं, फरक एवढाच की इथे धक्का मारून लोक सॉरी म्हणत होते. उजाडेपर्यंत पाय बधिर. शेजारी अलाबामाहून बसने आलेल्या एक म्हाताऱ्या काळ्या बाई होत्या, त्यांनी पिशवीतून जुना पेपर काढला, घड्या करून माझ्या बुटात तळाला घालायला लावला आणि वर ओरडल्या की असले पातळ मोजे घालून कोण येतं. मग विचारलं, मत दिलंस ना? म्हटलं, मला देता येत नाही. त्या हसल्या, म्हणाल्या, 1965 च्या आधी मलाही देऊ देत नव्हते. आता आमची बरोबरी नाही, त्या तिथल्या नागरिक असून त्यांना नाकारलं जायचं, मी पगारासाठी आलेला माणूस. पण दाजींचा संबंधाचा प्रश्न माझ्यापुरता तिथेच मिटला.

शपथ देताना सरन्यायाधीश रॉबर्ट्स शब्द मागेपुढे करून बसले, आम्हाला वाटलं स्पीकरच बिघडला. दुसऱ्या दिवशी व्हाइट हाऊसमध्ये शपथ परत घेतली. बाईंचं तिकडे लक्षच नव्हतं, त्या डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होत्या. मावळत्या बुशचं हेलिकॉप्टर उडालं तेव्हा मात्र लोक टाटा करत गाणं म्हणायला लागले, ते मला बरं वाटलं नाही, जाणाऱ्याला नीट जाऊ द्यावं.

तिकिटाचं म्हणाल तर पुढच्या भागाची तिकिटं खासदारांच्या ऑफिसातून फुकट मिळतात, विकत कुणी देत असेल तर घेऊ नका. मॉलवर, म्हणजे कॅपिटलसमोरच्या लांबलचक मोकळ्या मैदानात, मागे उभं राहायला तिकीट लागत नाही. आणि तिकीट म्हणजे खात्री नव्हे, 2009 ला जांभळ्या तिकिटांची हजारो माणसं थर्ड स्ट्रीटच्या बोगद्यात अडकली आणि सोहळा संपला.

हो, एक राहिलं, 2021 ला कोविड आणि बंदोबस्तामुळे मॉल बंदच होता, 2025 ला थंडीमुळे ऐनवेळी शपथ कॅपिटलच्या आत घेतली, लांबून आलेले बाहेरच राहिले. म्हणून 2029 साठी हॉटेल-विमान रिफंडवालंच करा. लहान मुलं असतील, गुडघे दुखत असतील तर सरळ घरी बघा, त्यात कमीपणा नाही.

बाकी टीव्हीवर नीट दिसतं म्हणणारे दाजी त्या मंगळवारी ऑफिसातच होते, लॅपटॉपवर लावलं होतं आणि ऐन शपथेला ते गोल फिरत राहिलं. ते अजून कबूल करत नाहीत, मला ताईने सांगितलं.