प्रश्न तुमचे : नमुना मजकूर कसा निवडावा?

प्रश्न : पुस्तकाची मांडणी मंजूर झाली तेव्हा पानात ‘लोरेम इप्सम’ भरलेलं होतं आणि सगळं सुबक दिसत होतं. खरं मराठी मॅटर ओतलं आणि ओळी एकमेकींवर चढल्या. चूक कुठे झाली?

मांडणी तपासली, पण रोमन लिपीची. ‘लोरेम इप्सम’ हा सिसेरोच्या इ. स. पू. ४५ मधल्या लॅटिन ग्रंथातून तोडूनमोडून घेतलेला मजकूर. त्याचा पहिला शब्दसुद्धा ‘दोलोरेम’चा उरलेला तुकडा आहे. वाचणाऱ्याचं लक्ष अर्थाकडे न जाता पानाकडे राहावं एवढंच त्याचं काम, आणि ते तो चोख करतो. पण त्यात ना मात्रा, ना रफार, ना खाली लोंबणारी जोडाक्षरं.

देवनागरीत ओळीच्या वरही गर्दी असते आणि खालीही. ‘मूर्तींची’ हा शब्द घ्या : ‘र्तीं’ या एका अक्षरावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार तिघे एकत्र बसतात. आता त्याच्या बरोबर वरच्या ओळीत ‘उद्ध्वस्त’ किंवा ‘अश्रू’ आला, की वरच्याचं शेपूट आणि खालच्याचा रफार भिडतात. फॉन्टनुसार हे कमीजास्त होतं, म्हणूनच अंदाजावर जाऊ नये. पानं मांडायच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये ओळींतलं अंतर ‘ऑटो’वर ठेवलं तर ते मुळात अक्षराच्या १२० टक्के धरलं जातं, म्हणजे १२ पॉइंटला १४.४. मराठीसाठी हे बहुधा अपुरं पडतं. १२ पॉइंटच्या अक्षराला १८ पॉइंट अंतरापासून सुरुवात करा आणि प्रूफ कागदावर पाहत अर्ध्या-अर्ध्या पॉइंटने खाली या. दोन ओळी भिडायला लागल्या की तिथून एक पॉइंट मागे फिरा.

प्रश्न : मग मराठी नमुना मजकूर आणायचा कुठून? शब्द निवडायचे कसे?

दोन वेगळे मजकूर ठेवा, कारण कामं दोन वेगळी आहेत.

पहिला, छळणारा मजकूर. हा मुद्दाम वाईट असावा. वर चढणारे शब्द : ‘मूर्तींची’, ‘कार्यकर्त्यांनीही’. खाली उतरणारे : ‘उद्ध्वस्त’, ‘हृदय’, ‘शत्रू’. दोन्हीकडे पसरणारे : ‘चिठ्ठ्यांवर’. फॉन्टची हजेरी घेणारे : ‘वाङ्मय’, ‘ॲसिड’, ‘ऑगस्ट’, ‘बाळ’. आणि ‘आचार्यांना’च्या शेजारी ‘आचाऱ्यांना’ हवाच. पहिल्यात रफार, दुसऱ्यात अर्धा र. हा अर्धा र दोन प्रकारे टंकला जातो : ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक असे तिघे मिळून. लेखकांकडून दोन्ही प्रकार येतात, तेव्हा मजकुरात दोन्ही ठेवा. एकात तो अर्धा र नीट उमटतो आणि दुसऱ्यात त्याचा रफार होतो, असं दिसलं तर तो फॉन्ट किंवा ते सॉफ्टवेअर बाद. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात की हिंदी वळणाचे, तेही इथेच कळतं. ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात त्यात मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवल्याशिवाय बहुधा मराठी वळण मिळत नाही.

दुसरा, भरणीचा मजकूर. हा सरासरी, साधा असावा. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मराठी अनुवाद सोयीचा आहे. त्यात ३० कलमं असल्यामुळे शीर्षक-परिच्छेद असा साचाही आयता मिळतो. फक्त त्याची भाषा सरकारी आणि वाक्यं लांबलचक, त्यामुळे कथा-कादंबरीतल्या संवादांची पानं त्यावरून जोखू नका. कविता किंवा ओव्या तर भरणीला घेऊच नयेत. त्यांच्या ओळी मुळातच तोडलेल्या असतात.

प्रश्न : प्रोग्रॅम लिहून मराठी मजकूर तयार केला. जागोजागी तुटक वर्तुळं येतात आणि कधी कधी प्रश्नचिन्हाचे चौकोन. का?

तुम्ही अक्षरं नव्हे, संकेत उचलताय, म्हणजे अक्षर घडवणारे सुटे तुकडे : व्यंजन, काना, वेलांटी. ‘मराठी’ या शब्दात डोळ्याला अक्षरं ३, युनिकोड या संगणकी लिपीसंकेतांच्या यादीतले संकेत ५ आणि ते साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत बाइट १५. संकेत यदृच्छेने उचलले की एखादी वेलांटी व्यंजनाशिवाय एकटी पडते आणि तिला टेकू म्हणून ते तुटक वर्तुळ येतं. बाइट मोजून मजकूर कापला तर एखादा संकेत मधोमध चिरला जातो, तेव्हा चौकोन येतात.

उपाय असा की अक्षरांशी खेळूच नका, शब्द हे एकक धरा. सुमारे २,००० शब्दांचं खरं गद्य घ्या, जागा सोडलेल्या ठिकाणी तोडा, विरामचिन्हं काढून टाका. मग शब्द यदृच्छेने उचलत ६ ते १८ शब्दांची वाक्यं बनवा आणि शेवटी पूर्णविराम द्या. शब्दांच्या लांबीचं प्रमाण खऱ्या मराठीइतकंच राहतं, अर्थ मात्र उरत नाही. यदृच्छेचं बीज (निवड जिथून सुरू होते तो आकडा) ठरावीक आकड्यावर बांधून ठेवा. नाहीतर दर वेळी वेगळा मजकूर येईल आणि पान बदललं ते तुमच्या दुरुस्तीमुळे की मजकुरामुळे, हे कळणारच नाही.

प्रश्न : लाटेक या मजकूर-जुळणीच्या प्रणालीत ‘लोरेम इप्सम’ भरणारं ‘लिप्सम’ पॅकेज वापरलं तर पानं कोरी येतात, चूक मात्र कुठलीच दाखवत नाही.

मुख्य फॉन्टमध्ये रोमन अक्षरंच नसणार. फॉन्टमध्ये नसलेलं अक्षर टेक (लाटेकच्या मुळाशी असलेला प्रोग्रॅम) निमूट गाळतं आणि फक्त लॉग फाइलमध्ये ‘मिसिंग कॅरेक्टर’ असं नोंदवतं. ‘ट्रेसिंगलॉस्टचार्स’ या सेटिंगचं मूल्य २ केलंत तर इशारा पडद्यावर येतो, ३ केलंत तर नव्या आवृत्त्यांत थेट चूक म्हणून धरला जातो. कामाच्या फाइलमध्ये ३ ठेवावं, असं आमचं मत.

लिप्समच्या आज्ञेला काहीच सांगितलं नाही तर पहिले ७ परिच्छेद मिळतात. एकूण १५० आहेत आणि चौकटी कंसात क्रमांक देऊन हवे तेवढे घेता येतात. शीर्षकं, याद्या, उपशीर्षकं यांच्यासकट अख्खा दस्तऐवज हवा असेल तर ‘ब्लाइंडटेक्स्ट’ हे पॅकेज बरं. पण हे दोन्ही रोमनच. मराठी भरणी वेगळ्या फाइलमध्ये ठेवून ‘इनपुट’ने ओढून घ्या. फॉन्ट जाहीर करताना ‘स्क्रिप्ट’ देवनागरी असल्याचं सांगा, आणि लाटेकचा लुआलाटेक हा प्रकार असेल तर ‘रेंडरर’ (अक्षरं जुळवणारा भाग) हार्फबझ. हे विसरलं की जोडाक्षरं सुटी पडतात, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे जाते. इनडिझाइनमध्ये अशीच पडझड दिसली तर परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर लावलाय का ते आधी पाहा.

प्रश्न : वर्डमध्ये झटपट काही?

नव्या ओळीवर बरोबरचं चिन्ह, त्यापुढे रोमनमध्ये ‘रँड’, कंसात ३,५ आणि एंटर : ५ वाक्यांचे ३ परिच्छेद. ‘रँड’ऐवजी ‘लोरेम’ लिहिलं तर लॅटिन. काहीच घडलं नाही तर ऑटोकरेक्टमधलं ‘टाइप करताना बदला’ बंद असेल. लिब्रेऑफिसमध्ये ‘डीटी’ ही रोमन अक्षरं टंकून एफ३ ही कळ दाबा.

प्रश्न : नमुना मजकुरावरून पानांची संख्या काढता येते का?

रोमन मजकुरावरून नाही. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात. ‘विद्यार्थ्यांसाठीच्या’ हा एकच शब्द अरुंद स्तंभाची अर्धी ओळ खातो. त्याच लेखकाचं खरं मॅटर सलग ५ पानांत भरा, शब्द मोजा, ५ने भागा. समजा पानाला २८० शब्द आले आणि हस्तलिखित ४०,००० शब्दांचं आहे : १४३ पानं. सुरुवातीची ८ धरून १५१. छपाई १६ पानी फॉर्मात, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या १६ पानांच्या गटात, असेल तर १० फॉर्म, म्हणजे १६० पानं, त्यातली ९ कोरी. ही ९ जास्त वाटली तर अक्षर बारीक करू नका. १४४ पानांत, म्हणजे ९ फॉर्मात बसवायचं तर मजकुराला १३६ पानं उरतात, पानाला साधारण २९४ शब्द. पानात एक ओळ वाढवून ते जमतं का, हे आधी पाहा.

प्रश्न : नमुना मजकूर चुकून छापला जाऊ नये म्हणून काय करावं?

प्रत्येक नमुना परिच्छेदाची सुरुवात एकाच, खऱ्या मजकुरात कधीही न येणाऱ्या खुणेने करा, ‘ळळळ’ चालेल. त्याच्या शैलीला किरमिजी रंग द्या. छपाईला पाठवण्याआधी ‘ळळळ’ शोधा आणि शून्य जागा सापडल्या तरच फाइल सोडा. चित्रांखालच्या ओळी, तळटीपा आणि मास्टर (साच्याची) पानं या शोधातून सुटत नाहीत ना, ते शोधाच्या पर्यायांत तपासा. आणि नमुन्यात विनोद, टोमणे, संपादकांची नावं लिहू नका. नेमकं तेच छापलं जातं.