मुलीचे आखूड केस आणि १ करिंथ ११

ताई, तुमची हकिगत दोनदा वाचली. लेकीने केस कानापर्यंत कापले, आणि मंडळीच्या (चर्चच्या) कारभारातल्या एका वडीलधाऱ्यांनी १ करिंथ ११, म्हणजे प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय, दाखवून तिला रविवारचा शास्त्रपाठ वाचू दिला नाही. ती आता उपासनेलाच यायला तयार नाही. हे बरोबर आहे का, असं तुम्ही विचारलंत. माझ्या मते नाही. मी बरीच वर्षं संडे स्कूल शिकवते, हा अध्याय पुष्कळदा घेतला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी ५ वं वचन उघडा. पौल कोणत्या बाईबद्दल बोलतोय? मंडळीत प्रार्थना करणाऱ्या आणि संदेश देणाऱ्या. तिने बोलावं की नाही, हा प्रश्न त्याने काढलेलाच नाही. बोलताना तिचं डोकं झाकलेलं असावं, एवढंच तो सांगतो. ज्या अध्यायावर बोट ठेवून तुमच्या मुलीला खाली बसवलं, त्या अध्यायातली बाई चारचौघांत बोलते आहे. कोणी १४ व्या अध्यायाचं ३४ वं वचन काढून 'स्त्रियांनी गप्प राहावे' म्हणेल. पण तेही याच पत्रात आहे. त्याचा अर्थ काहीही लावा, तीन अध्याय आधी ज्या बायका प्रार्थना करत होत्या त्यांचं तोंड बंद करणारा तो असू शकत नाही.

आता डोक्याचं. पौलाच्या काळातलं करिंथ ही रोमन वसाहत होती, ज्युलियस सीझरने इ.स.पू. ४४ मध्ये नव्याने वसवलेली. रोमन पुरुष बली अर्पण करताना टोग्याचं (अंगाभोवती गुंडाळायच्या वस्त्राचं) टोक डोक्यावर ओढून घेत. करिंथच्याच उत्खननात सम्राट ऑगस्टसचा असा डोकं झाकलेला पुतळा सापडला आहे. पौल पुरुषांना डोकं झाकू नका म्हणतो, त्यामागे ही प्रथा असावी असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं, मलाही पटतं. आणि लग्न झालेल्या रोमन बाईचं झाकलेलं डोकं ही तिच्या अब्रूची खूण होती.

५ आणि ६ वचनांत तो उघड्या डोक्याची तुलना मुंडण केलेल्या बाईशी करतो. हे मराठी माणसाला कोणी समजावायला नको. आपल्याकडे विधवेचं केशवपन होत असे. न्हाव्यापुढे बसवलेल्या त्या पोरींची लाज केस गेल्याची नव्हती, चारचौघांत त्यांना काय ठरवलं गेलं याची होती. पौलाचाही रोख त्या लाजेवर आहे, केसांच्या लांबीवर नाही. तुमच्या मुलीने आवडीने कापलेल्या केसांत कसली लाज आहे?

पुरुषाने केस वाढवणं निसर्गालाच शोभत नाही, असं १४ वं वचन म्हणतं. पण जुन्या करारातल्या गणना ६ मध्ये नाजीराच्या, म्हणजे नवसाने देवाला वाहून घेतलेल्या माणसाच्या, डोक्याला वस्तरा लावायचा नाही, ही देवाचीच आज्ञा आहे. प्रेषितांची कृत्ये १८:१८ मध्ये खुद्द पौल करिंथजवळच्याच किंख्रिया बंदरात नवसाचे केस कातरून घेतो. मग 'निसर्ग' म्हणजे तिथल्या लोकांना सहज शोभणारी रीत, असाच अर्थ मला लागतो. १६ व्या वचनात तर तो स्वतःच 'रीत' हा शब्द वापरतो.

पदराला मी कमी लेखत नाही, हे आवर्जून सांगते. माझी आजी प्रार्थनेला डोळे मिटण्याआधी पदर कानामागे खोचायची, उजव्या हाताने, गीताचं पुस्तक डाव्या हातात धरून. तो पदर खोचला की आम्ही पोरं आपोआप गप्प व्हायचो. मीही उपासनेत डोक्यावर पदर घेते. पण आजीने तो कुणा दुसरीच्या डोक्यावर ओढला नाही.

मंडळीतल्या त्या वडीलधाऱ्यांशी भांडू नका. पाळकांसमोर बसून ५ वं वचन मोठ्याने वाचायला सांगा. पंडिता रमाबाईंचा फोटोही सोबत न्या. हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणणाऱ्या त्या बाईचे केस तुमच्या मुलीसारखेच आखूड होते. रमाबाईंना शास्त्रपाठ वाचू दिला असता का, एवढंच विचारा.

मुलीने ओढणी घ्यायची की नाही, ते तिला ठरवू द्या. पुढच्या रविवारचा पाठ मात्र आजच तिच्याकडून वाचून घ्या. जुन्या करारातला असेल तर नावांचे उच्चार आधी बघून ठेवायला सांगा, तिथे सगळेच अडखळतात.